सकाळी न उठणारे हात

कापणी सुरू झाली की मला बरं वाटत नाही. घरी हे कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. ताप नसतो, डोकं दुखत नसतं. बोईसरहून पालघरला कामावर येताना मी रिक्षात बाहेरच्या बाजूला बसते. दसऱ्याच्या मागेपुढे एक सकाळ अशी येते, की उमरोळीच्या पुढची रस्त्याकडेची खाचरं हिरवी राहिलेली नसतात. आदल्या दिवशी होती की नव्हती, ते काही केल्या आठवत नाही. मग दोन-चार दिवसांत विळे लागतात. कापलेल्या भाताचा ओलसर, गोडूस वास रिक्षात शिरतो. यंदाही शिरला. शेजारी रात्रपाळी संपवून निघालेला एक कामगार डुलक्या घेत होता, तो डोळे न उघडताच म्हणाला, "गाँव की याद आ गयी." आठवण मलाही आली होती, पण गावाची नव्हे.

मी परिचारिका आहे. आमच्या रुग्णालयात मागच्या अंगाला एक खोली आहे, तिथे एचआयव्ही असलेल्यांना दर महिन्याला तपासून गोळ्या देतात. बाहेर मोठी पाटी आहे, पण येणारे तिला 'शेवटची खोली'च म्हणतात. पाटीवरचं नाव तोंडानं घ्यावं लागू नये म्हणून असेल. त्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली. वजन घ्यायचं, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, जेवणझोप विचारायची, आणि मुख्य म्हणजे येणाऱ्याचं येणं तुटू द्यायचं नाही. एखादा आला नाही की फोन करायचा. फोनवर रुग्णालयाचं नाव काढायचं नसतं. "पालघरहून ताई बोलतेय," एवढंच. पलीकडचा माणूस समजतो.

मालतीला असा फोन मी नऊ वर्षांत एकदाही केला नव्हता. ती ठरल्या दिवशी, ठरल्या एसटीनं यायची. केळव्याच्या बाजूला तिचं गाव. घरी पानवेलीची बाग, जोडीला थोडं भात, आणि सासू. नवरा तारापूरला एका कारखान्यात होता. तो गेला तेव्हा गावात कावीळ झाली म्हणून सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. त्याच महिन्यात तिची तपासणी झाली. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. "बरंच झालं म्हनायचं," असं ती त्यावर एकदा म्हणाली होती, आणि पुन्हा तो विषय तिनं कधी काढला नाही.

बाजारात पानं द्यायची म्हणून ती घरातून निघायची, आणि पानं देऊन झाली की पिशवी झटकत आमच्या खोलीत यायची. ओळख झाल्यावर एकदा तिनं पिशवीतून दोन पानं काढून माझ्यापुढे धरली. "माझ्या हातची हायत. चालतील ना?" विचारताना ती पानांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पान खात नाही. त्या दिवशी खाल्लं. चुना नाही, कात नाही, नुसतं पान. जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. तिला हसू आवरेना. "गुरासारकं खाता तुमी, सिस्टर," म्हणाली. त्यानंतर दर महिन्याला दोन पानं माझ्या टेबलावर यायची, आणि येताना एखादा टोमणा घेऊन यायची.

तिची बाग मी कधी पाहिली नाही. मी येते म्हणाले तर म्हणायची, "नको. तुमी आलात की गाव विचारील, ही कोन?" त्यामुळे मला ती बाग तिच्या बोलण्यातूनच माहीत. वर मांडव, आत भर दुपारीही ओला अंधार, आणि पायाखाली गारवा. वेल वर चढेल तसा तिला बांधत जायचं. घट्ट बांधलं तर देठ कापतो, सैल बांधलं तर वेल घसरते. सगळं काम बोटांच्या शेंड्यांचं. तिच्या सासूची या कामात पंचक्रोशीत ख्याती होती, आणि सासूनं ते सुनेच्या हातात दिलं होतं. "पोरगा गेला, पन हात दिऊन गेला मला," असं सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मालती ते मला सांगताना लाजायची.

त्या वर्षी पाऊस सरता सरता गावोगाव चिकनगुनिया पसरला होता. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत निम्मी माणसं वाकलेली. उठताना 'आई गं', बसताना 'आई गं'. श्रावणात मालती आली तेव्हा तिची बोटं मधल्या सांध्यांपाशी सुजली होती. मनगटही टम्म.

"ताप आला होता का?"

"आला आसंल. पावसात कोन बगतो."

"चिकनगुनिया आहे. सगळ्यांनाच झालाय. सांधे धरतात दोन-तीन महिने, मग सोडतात."

मी सांगितलं. डॉक्टरांनी नव्हे, मी. डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या कामात होते, रांग दारापर्यंत गेली होती, आणि असे सुजलेले हात मी सकाळपासून वीस पाहिले होते. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं. भाद्रपदात ती पुन्हा आली. तेव्हाही मी तेच सांगितलं, जरा जास्त ठामपणे.

त्या दिवशी ती एक वाक्य बोलली होती. ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ती म्हणाली, "सकाळी मी उठते, पन हात उठत नायत, सिस्टर. हात निजलेले. उनं मांडवावर आली की मग जागे होतात."

आज एखादी नवी सिस्टर माझ्याकडे शिकायला आली तर मी तिला आधी हे सांगते. चिकनगुनियानंही सांधे दुखतात, कामानंही दुखतात. पण सकाळी तास-दोन तास बोटं वळतच नाहीत, दोन्ही हातांची सारखीच, असं कोणी म्हणालं तर तिथे थांबायचं, डॉक्टरांना दाखवायचं, रक्त तपासायचं. शरीर आपल्याच सांध्यांना शत्रू समजून खाऊ लागतं असा एक संधिवात असतो. तो सुरुवातीच्या महिन्यांत सापडला तर हात वाचवता येतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत मी ते लिहिलं होतं. रांगेत उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईच्या तोंडून ऐकलं, तेव्हा ओळखता आलं नाही.

अश्विनात ती आली तेव्हा बाहेर ऊन चटके देत होतं. नवरात्र नुकतं संपलं होतं. तिनं बाटली टेबलावर ठेवली. उरलेल्या गोळ्या मोजायच्या म्हणून मी ती उपडी केली, तर अकरा. महिन्याच्या तीस गोळ्यांत अकरा उरलेल्या. मी पुन्हा मोजल्या. मागच्या महिन्याच्या नोंदी काढल्या, तर तेव्हाही चार उरल्या होत्या आणि मी 'सणामुळे' असं लिहून सोडून दिलं होतं.

मला राग आला. कशाचा, ते आता नीट सांगता येणार नाही. नऊ वर्षं मी तिचं उदाहरण इतरांना देत आले होते, म्हणूनही असेल.

"मालती, काय आहे हे?"

"इसरले."

"अकरा वेळा?"

मग मी बोलले. दार उघडं होतं, बाहेर बाकावर माणसं होती, तरी बोलले. गोळ्या फुकट मिळतात म्हणून किंमत नाही का, इथे लोक लांबून उपाशीपोटी येतात, तुला दोन पावलं चालून बाटली उघडायचा कंटाळा येतो. ती ऐकत होती. हात पदराखाली घेतलेले. एकदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाटलीच्या झाकणाची कड सगळीकडून कुरतडल्यासारखी झाली होती. मला वाटलं, उंदीर. तेही मी बोलले: "कुठे ठेवतेस ही बाटली? उंदीर खातात."

"भातात," ती म्हणाली. "कनगीत."

जाताना तिनं दोन पानं टेबलावर ठेवली. टोमणा मारला नाही.

या वेळी तिला मी महिन्याऐवजी पंधरा दिवसांनीच बोलावलं होतं, आणि ठरवूनच बसले होते. नवी बाटली तिच्यापुढे ठेवली, पाण्याचा पेला ठेवला, आणि म्हणाले, "आजची गोळी माझ्यासमोर घे." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बाटली दोन्ही तळव्यांत धरली. ते झाकण दाबून फिरवायचं असतं, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून. तिचे तळवे झाकणावरून सरकले. पुन्हा धरली, पुन्हा सरकली. बोटं आत वळलेली, आंगठा बाहेरच्या अंगाला कललेला. तिनं बाटली गुडघ्यांत दाबली, खाली वाकली आणि झाकण दातांत धरलं.

मी उठले. तिच्या हातून बाटली घेतली. झाकण माझ्या हातानं एका झटक्यात उघडलं. इतक्या सहज, की मला माझ्या हातांची लाज वाटली.

"हे तू मला सांगायचं नाहीस?"

"तुमी चिडला होतात," ती म्हणाली. आणि मग, "कधी कधी उगडते. दाताला वास येतो पिल्यास्टिकचा. कधी नायच उगडत. मग सासू मागनं येते, मी लपवते."

"त्यांनाच उघडायला सांगायची. अंगात रक्त भरायच्या गोळ्या म्हणायचं."

"या बाटल्या आता समद्यांना ठाव्या हायत, सिस्टर. आमच्या शेजारची पोर नर्सिंग शिकते. लेबल फाडलं तरी ओळखील."

दोन आजार तिच्या अंगात होते. आम्ही त्यांच्या दोन वेगळ्या वह्या ठेवत होतो. ते दोन्ही एका झाकणापाशी भेटले, आणि तिथे आमच्यापैकी कोणीच नव्हतं. आता मी सांधे दुखतात म्हणणाऱ्या प्रत्येकाला बाटली उघडून दाखवायला सांगते. पेन्शनीला आलेले एक कारखान्यातले फोरमन रागावले होते मध्यंतरी: "मी काय लहान मूल आहे?" आणि मग उघडू लागले, आणि उघडेना. मी दुसरं, सैल झाकणाचं भांडं आणून दिलं. एवढं सोपं होतं ते.

डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. संधिवात निघाला, तोच, शरीर शरीराला खाणारा. दुसऱ्या कागदावर विषाणू वाढल्याचं आलं. नऊ वर्षं जो मोजमापात सापडत नव्हता तो आता सापडू लागला होता. डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. म्हणाले, "सांध्यांच्या तज्ज्ञांना दाखवायला हवं. ठाण्याला नाहीतर मुंबईला. चिठ्ठी देतो. या आठवड्यात जा."

"कापनी होऊ द्या," मालती म्हणाली.

"कापणी दुसरं कोणी करील."

"कोन? सासू पासष्टची हाय. मानूस मिळत नाय, समदे कंपनीत जातात." मग हसली. "मला विळा धरता येत नाय, पन पेंढ्या उचलता येतात. कवेत घ्यायच्या. कवेला बोटं लागत नायत."

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. एसटीच्या खिडकीत ती बसली तेव्हा बाहेर धूळ, पेंढ्याचा ट्रॅक्टर, उन्हात चमकणारे चतुर. तिनं हात हलवला नाही, कोपर हलवलं. त्या कापणीचा वास मला लागला तो तिथेच. अजून सुटलेला नाही.

चिठ्ठी तिच्या पिशवीत राहिली. दिवाळीनंतर ती आली ती खोकत. "भाताचं कुसळ गेलंय घशात," म्हणाली. वजन सहा किलोनं उतरलं होतं. या वेळी मी कुसळ मानलं नाही. त्याच दिवशी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय निघाला, दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला.

मग जे झालं ते मला आजही कोणाला नीट समजावून सांगता येत नाही. सांध्यांचं जे औषध हवं होतं ते शरीराची ताकद दाबून ठेवतं. क्षय आणि विषाणू दोन्ही जोरात असताना ते देता येत नाही. आधी क्षय आटोक्यात येऊ दे, मग सांधे, असं मुंबईच्या तज्ज्ञांनी फोनवर आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते बरोबरच होतं. पण म्हणजे तिला ते दुखणं तसंच सोसायचं होतं, महिनोन्‌महिने. ज्या दुखण्यावर औषध आहे, ते दुखणं.

ती वॉर्डात दाखल झाली. माझी खोली दोन वाजता बंद व्हायची, मग मी तिच्याकडे जायचे. नंतर सकाळीही जाऊ लागले, कामाच्या वेळेआधी तासभर. तिची सकाळ फार वाईट असायची. रात्रभरात सगळे सांधे थिजून जायचे. मी स्वयंपाकघरातून कोमट पाणी आणायचे, पसरट भांड्यात, आणि तिचे दोन्ही हात त्यात सोडायचे. आधी काहीच व्हायचं नाही. मग हळूहळू एकेक बोट पाण्यात जरासं सुटायचं. ती डोळे मिटून घ्यायची. वॉर्डाच्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन येऊन तिच्या पायांवर पडायचं. त्या वेळी आम्ही बोलत नसू.

अशा माणसाला हात लावायचा तरी कसा, हे मला तिनंच शिकवलं. पहिल्या दिवशी मी तिला कुशीवर वळवताना सवयीनं मनगटाला धरलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी विसरलेले नाही. दम लागलेला, त्यात खोकला. जरा सावरल्यावर म्हणाली, "येल धरतात तशी धरा. देठाला नाय. खालनं हात घालायचा, समदी येल हातावर घ्यायची."

मग मी तशी धरू लागले. कोपराखालून, गुडघ्याखालून, तळवा पसरून. चादरीसकट वळवायचं. उशी गुडघ्यांत नाही, गुडघ्यांशेजारी. चमच्याचा दांडा बँडेजची पट्टी गुंडाळून जाड केला, म्हणजे तिला तो मुठीत राहायचा. केस विंचरताना ती म्हणायची, "घट्ट नका बांदू." वॉर्डातल्या बाकी सिस्टरांनाही मी हे दाखवलं. एक जण म्हणाली, "तुम्ही एवढा वेळ एकीलाच देता." खरं होतं. बाकीच्या खाटांवरही माणसं होती. माझं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

एका सकाळी, हात पाण्यात असताना, मी मालतीला म्हणाले, "श्रावणात मी चिकनगुनिया म्हणाले तिथेच चुकले. तेव्हाच तपासायला हवं होतं."

"हां," ती म्हणाली. "चुकलात."

एवढंच. रागावली नाही, माफही केलं नाही. नंतर पाणी निवल्यावर म्हणाली, "उद्या जरा जास्ती गरम आना."

सासू दिवसाआड यायची. लहानखुरी, काटक, कासोटा घातलेली बाई. नव्या तांदळाची पेज डब्यात घेऊन यायची आणि सुनेला स्वतः भरवायची. मला 'बाय' म्हणायची. तिला एवढंच माहीत होतं की क्षय आहे, आणि वाताचं दुखणं आहे. गोळ्यांच्या वेळी मी तिला काहीतरी कारण काढून बाहेर पाठवायचे.

एकदा ती पेज भरवून गेल्यावर मी मालतीला विचारलं, "त्यांना तरी सांगूया का? त्या वाईट नाहीत."

"वाईट नाय, म्हनून तर."

"म्हणजे?"

"आमची पानं लग्नाला जातात, पूजेला जातात. लोक बोलतील, नऊ वर्सं हिच्या हातची पानं खाल्ली आमी. मग म्हातारीचं एक पान कोन घेनार नाय."

"पानानं हे होत नाही, मालती."

"मला ठावं हाय. तुमाला ठावं हाय. अजून कोनाला?" तिला बोलताना धाप लागली. मी पाणी पाजलं. मग ती म्हणाली, "मी गेल्यावर पन नाय सांगायचं. गेल्यावर तर मुळीच नाय. मी सुटेन. तिला तिथंच राहायचं हाय."

मी हो म्हटलं. आमच्या कामात हे वचन तसंही द्यावं लागतं, कायद्यानं. पण कायद्यानं दिलेलं आणि असं दिलेलं यात फरक असतो.

मार्गशीर्षात, एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास ती गेली. मी तेव्हा शेवटच्या खोलीत कोणाचं तरी वजन घेत होते. वॉर्डातली मावशी धावत आली. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, तरी मी वजन लिहून पूर्ण केलं. छप्पन किलो. ते वजन कोणाचं ते आठवत नाही.

सासू खाटेशेजारी बसली होती. रडत नव्हती. पेजेचा डबा बंदच होता. मला बघून म्हणाली, "कशान गेली गं बाय?"

"टीबी होता, आजी. छातीत पसरला होता."

"त्यान जातं मानूस?"

"वाताचं पण होतं ना. अंगात ताकद राहिली नव्हती."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तिनं मान हलवली. मी आणि मावशीनं पडदा ओढला, मालतीचं अंग पुसलं. सवयीनं मी तळवा पसरून, खालून हात घालूनच तिला वळवत होते. मावशी म्हणाली, "आता कशाला एवढं जपता?" मी तरी तसंच केलं. सासू उठून आली, आणि सुनेच्या हातांकडे बघत राहिली. आत वळलेली बोटं, एकमेकींवर चढलेली.

"तेवढे हात सरळ करून दे," ती म्हणाली. "आसे बरे नाय दिसत."

मी तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला. बोटांना हलकेच ताण दिला. सांधे कधीच जखडून बसले होते. जरा जोर लावला असता तर कदाचित काही झालं असतं. मी जोर लावणार, एवढ्यात म्हातारीनं माझा हात धरला.

"नको. ऱ्हाऊ दे," म्हणाली. "दुकंल तिला."

त्यानंतरचे दिवस मला फारसे आठवत नाहीत. खाचरांत नुसते खुंट उरले होते, सकाळी त्यांवर दव असायचं. डॉक्टरांना मी एकदा विचारलं, की श्रावणात सापडलं असतं तर? ते म्हणाले, "सिस्टर, क्षय आधीपासूनही असू शकेल. कशामुळे काय झालं ते आता कोणीच सांगू शकणार नाही." त्यांना मला धीर द्यायचा होता. पण मला कोणीतरी सांगायला हवं होतं. हो किंवा नाही, काहीही. हे 'कोणीच सांगू शकणार नाही' सगळ्यांत जड आहे. ते कुठे ठेवायचं तेच कळत नाही.

फाल्गुन लागला होता. एका दुपारी मी दार उघडलं, तर बाहेरच्या बाकावर मालतीची सासू बसलेली. तिला कोणी सांगितलं? पण ती गुडघे दाखवायला आली होती. इकडे सावली बरी म्हणून येऊन बसली होती. ही खोली कसली, ते तिला माहीत नव्हतं. बाकावरची दोन माणसं तिला बघून जरा लांब सरकली होती, ओळख निघेल या भीतीनं.

"बाग कशी आहे, आजी?" मी विचारलं.

"दिली करायला दुसऱ्याला. माझ्यान होत नाय. निम्मी सुकली." मग आपणच म्हणाली, "बाय, एक सांगू? मी तिला लय बोलायची. सकाळची. उनं मांडवावर आली तरी हिचे हात चालायचे नाय. मला वाटायचं, आळस करते. एकदा बोलले, पोराला खाल्लंस, आता बाग पन खा." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "कायच बोलली नाय. हसली नुसती."

मी म्हणाले, "मीही तिला बोलले होते, आजी. खूप बोलले होते. सगळ्यांसमोर."

ती वळली. "तू? तू कशाला बोलशील?"

सगळं माझ्या जिभेवर होतं. ती बाटली, त्या उरलेल्या गोळ्या, उघडं दार. एकदा सांगून टाकलं असतं तर माझं ओझं निम्मं झालं असतं, आणि ऐकणारी या जगात तीच एक होती. पण गोळ्या म्हटलं, की कसल्या गोळ्या, हे आलं.

"असंच," मी म्हणाले.

म्हातारी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला काय दिसलं, काय कळलं, ते मी सांगू शकत नाही, आणि तिनंही पुढे काही विचारलं नाही. मग तिनं मांडीवरची पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि बाकावर जागा केली.

"बस जरा," म्हणाली.

आत माणसं थांबली होती. मी बसले.